ब्रिटिश नाणी व बँक-टोकने, दुर्मिळ

ग्रेट ब्रिटनमध्ये निरनिराळ्या काळी प्रचारात असलेली, परंतु आज अल्प संख्येने उरलेली नाणी, तसेच राजाच्या टाकसाळीऐवजी बँकांच्या नावाने निघालेली धातूची टोकने यांचा पद्धतशीर संग्रह व अभ्यास हे नाणकशास्त्राचे एक महत्त्वाचे अंग होय. नाणे जितके जुने तितके दुर्मिळ, हा समज बरोबर नाही. ब्रिटनच्या भूमीत सापडणारी चौथ्या शतकातील रोमन तांब्याची नाणी अल्प किंमतीत मिळतात, तर १९३३ सालच्या पेनीसारखे विसाव्या शतकातील नाणे क्वचितच कोणाच्या हाती येते. नाण्याची दुर्मिळता ही त्याच्या वयावर नव्हे, तर ते किती संख्येने पाडले गेले आणि नंतर त्याचे काय झाले यांवर अवलंबून असते. त्यातही नाण्यावर छापलेले दर्शनी मूल्य व त्यातील धातूचे मूल्य यांच्यामधील तफावत हे कारण पुनःपुन्हा आढळते. अठराव्या शतकाच्या अखेरीस निघालेली बँक-टोकने हे या तफावतीचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

नाण्यांची परिमाणे : १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान पद्धती सुरू होईपर्यंत १ पौंड = २० शिलिंग व १ शिलिंग = १२ पेन्स अशी गणना होती. पाच शिलिंगांच्या चांदीच्या नाण्यास क्राउन म्हणत. गिनी हे सोन्याचे नाणे १६६३ पासून पाडले जाऊ लागले. त्याचे मूल्य १७१७ मध्ये २१ शिलिंग ठरविण्यात आले. १८१७ पासून त्याची जागा २० शिलिंगांच्या सॉव्हरिनने घेतली. सॉव्हरिन हे नाव मात्र जुने असून सातव्या हेन्‍रीने (कार. १४८५–१५०९) १४८९ मध्ये प्रथम त्या नावाचे मोठे सुवर्णनाणे काढले होते.

दुर्मिळतेची कारणे : पहिले कारण धातूची किंमत ठरविताना झालेली चूक. तिसऱ्या हेन्‍रीने (कार. १२१६–७२) १२५७ मध्ये शुद्ध सोन्याची पेनी काढली व तिचे मूल्य चांदीच्या २० पेन्सइतके ठरविले. त्यातील सोने त्याहून अधिक किंमतीचे असल्याने ती बाजारात टिकली नाही. लोकांनी ती वितळविली. आज तिचे आठच्या आसपास नमुने ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २०२१ मध्ये डेव्हन परगण्यातील हेमिऑक येथे शेतात सापडला व जानेवारी २०२२ मध्ये लिलावात खर्चासह ६,४८,००० पौंडांना विकला गेला. तिसऱ्या एडवर्डने (कार. १३२७–७७) १३४४ मध्ये काढलेल्या सोन्याच्या फ्लॉरिनची कथा याच्या उलट आहे. सहा शिलिंगांच्या या नाण्यातील सोने दर्शनी मूल्याच्या मानाने कमी होते. म्हणून व्यापाऱ्यांनी ते नाकारले आणि त्याच वर्षी ते मागे घ्यावे लागले. एक नाणे धातू महाग म्हणून नाहीसे झाले, तर दुसरे धातू कमी म्हणून.

दुसरे कारण आणीबाणी. पहिला चार्ल्स (कार. १६२५–४९) व पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धात वेढल्या गेलेल्या गढ्यांमधील राजपक्षीय सैन्याने चांदीची भांडी कापून त्या तुकड्यांवर छाप मारले व शिपायांचे पगार भागविले. न्यूअर्क येथील शंकरपाळ्याच्या आकाराची नाणी (१६४५-४६), त्याचप्रमाणे कार्लाइल, स्कारबरो व पाँटिफ्रॅक्ट येथील नाणी या वर्गात मोडतात. काहींच्या पाठीवर मूळ भांड्यावरील नक्षीच्या खुणाही दिसतात.

तिसरे कारण मुळातच अल्प संख्येने पाडली गेलेली नाणी. टॉमस सायमन या मुद्राकाराने १६६३ मध्ये दुसऱ्या चार्ल्सपुढे ठेवलेले ‘पिटिशन क्राउन’ हे याचे उदाहरण होय. रोटिये या फ्लेमिश मुद्राकाराला काम मिळाले असता सायमनने आपल्या नाण्याच्या कडेवर दोन ओळींत बारीक अक्षरांनी राजाला विनंती कोरली की, हे काम त्या परकी कारागिराच्या कामाशी ताडून पाहावे. याचे सु. पंधरा नमुने ज्ञात आहेत. १९३३ मध्ये पेनींचा साठा पुरेसा असल्याने त्या वर्षी चलनासाठी पेनी पाडण्यात आली नाही. केवळ संग्रहालयांसाठी व नव्या इमारतींच्या पायाभरणीसाठी काही पाडण्यात आल्या. त्यांपैकी सात ज्ञात आहेत. लीड्स येथील एका चर्चच्या कोनशिलेखालील पेनी १९७० मध्ये चोरीस गेली. तेव्हा तेथील दुसऱ्या चर्चने आपल्या पायातील पेनी खणून काढून विकली.

चौथे कारण नंतरचे वितळणे. १९१७ साली लंडनच्या टाकसाळीत दहा लाखांहून अधिक सॉव्हरिन पाडण्यात आली, तरी ती आज दुर्मिळ आहेत. पहिल्या महायुद्धातील खरेदीपोटी ती अमेरिकेला गेली व तेथे वितळविली गेली असे मानतात. त्याच सालची सिडनी, मेलबर्न, पर्थ व ओटावा येथील सॉव्हरिन मात्र सहज मिळतात. दोहोंतील फरक केवळ टाकसाळीच्या एका लहान अक्षराचा असतो. यावरून पाडलेल्या नाण्यांचा आकडा व उरलेल्या नाण्यांचा आकडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे संग्राहकाने प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

चांदीची टंचाई : आयझाक न्यूटन (१६४२–१७२७) हा १६९६ मध्ये लंडनच्या शाही टाकसाळीचा वॉर्डन व १६९९ अखेर तिचा प्रमुख झाला. गिनीचे मूल्य २१ शिलिंग ठरल्यावर इंग्लंडमध्ये सोने यूरोपीय बाजारपेठेच्या मानाने महाग व चांदी स्वस्त झाली. परिणामी पूर्ण वजनाची चांदीची नाणी देशाबाहेर जाऊ लागली. पूर्वेकडील देशांत चांदीला अधिक सोने मिळत असल्याने ईस्ट इंडिया कंपनीमार्फतही चांदीचा मोठा ओघ भारत व चीन यांकडे वाहत होता. टाकसाळीत चांदी आणून नाणी पाडून घेणे कोणालाच परवडेनासे झाले. तिसऱ्या जॉर्जच्या दीर्घ कारकीर्दीत (१७६०–१८२०) १८१६ पर्यंत चांदीची नाणी अत्यल्प निघाली. १७८७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडसाठी शिलिंग व सहा पेन्सांची नाणी पाडण्यात आली, हा त्यातील ठळक अपवाद. बाजारात उरलेली नाणी झिजून गुळगुळीत झाली होती. राजाचा मुखवटाही त्यांवर दिसत नसे.

१७९८ मध्ये चांदीचा भाव उतरल्याचे पाहून डॉरियन व मॅजेन्स या पेढीच्या पुढाकाराने लंडनमधील काही बँकांनी टाकसाळीत चांदी देऊन शिलिंग पाडून घेतले. परंतु शासनाने ते रोखले व नाणी वितळविण्याचा आदेश दिला. त्यातून निसटलेले मोजके शिलिंग आज संग्राहकांत डॉरियन-मॅजेन्स या नावानेच ओळखले जातात.

छाप मारलेले डॉलर : फेब्रुवारी १७९७ मध्ये फ्रेंचांची एक लहान तुकडी वेल्समधील फिशगार्डजवळ उतरली. आक्रमणाच्या भीतीने लोकांनी सोन्यासाठी बँकांकडे धाव घेतली. बँक ऑफ इंग्लंडची गंगाजळी आटत चालल्याने २६ फेब्रुवारी रोजी प्रिव्ही कौन्सिलच्या आदेशान्वये नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविण्यात आले. हा निर्बंध १८२१ पर्यंत राहिला. एक व दोन पौंडांच्या नोटा निघाल्या, परंतु त्याखालील व्यवहारांसाठी सुटी चांदी हवी होती. ती बँकेच्या तिजोरीत स्पॅनिश डॉलरच्या रूपाने पडून होती. मेक्सिको, लिमा, पोटोसी इ. ठिकाणच्या टाकसाळींत पाडलेले आठ रेआलांचे हे नाणे सु. २७ ग्रॅ. वजनाचे असून जगभराच्या व्यापारात चालत असे.

बँकेने या डॉलरवरील स्पेनच्या राजाच्या मानेवर तिसऱ्या जॉर्जचा लहानसा मुखवटा लंबगोल छापाने उमटविला. हा छाप नवा नव्हता. चांदीच्या भांड्यांवर कर भरल्याची खूण म्हणून गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये तो वापरीत. डॉलरचे मूल्य प्रथम ४ शिलिंग ६ पेन्स जाहीर झाले. परंतु त्यातील चांदीच अधिक किंमतीची असल्याचे लक्षात येताच ते ४ शिलिंग ९ पेन्स करण्यात आले. दोन राजांची मस्तके एकत्र येऊनही त्यांची किंमत एका क्राउनइतकी होत नाही, अशी थट्टा लोक करीत. छाप लहान व साधा असल्याने त्याची नक्कल करणे सोपे होते. नकली छापांचा सुळसुळाट झाल्याने त्याच वर्षाच्या शरद ऋतूत हे डॉलर परत घ्यावे लागले. जानेवारी १८०४ मध्ये अष्टकोनी चौकटीतील मोठ्या मुखवट्याचा छाप मारून ते पाच शिलिंगांना पुन्हा काढण्यात आले, पण त्याचीही नक्कल लवकरच झाली.

सोहो टाकसाळ व १८०४ चा डॉलर : बर्मिंगहॅमजवळील सोहो येथे मॅथ्यू बोल्टन (१७२८–१८०९) याने वाफेच्या शक्तीवर चालणारी टाकसाळ उभारली होती. १७९७ मध्ये तिच्यातून निघालेल्या तांब्याच्या पेनीचे वजन एक औंस व दोन पेन्सांच्या नाण्याचे दोन औंस होते. रुंद उंचावलेल्या कडेमुळे त्यांना ‘कार्टव्हील’ म्हणजे गाडीचे चाक असे नाव पडले. बोल्टनने बँकेला सुचविले की, डॉलरवर लहान छाप मारण्याऐवजी संपूर्ण डॉलरच नव्या ठशांमध्ये दाबावा, म्हणजे मूळ चित्र पुसले जाऊन नवे उमटेल. अशा प्रकारे १८०४ च्या मे महिन्यात पाच शिलिंगांचे डॉलर बाहेर पडले. त्यांच्या दर्शनी बाजूवर तिसऱ्या जॉर्जची अर्धप्रतिमा, तर मागील बाजूवर बसलेली ब्रिटानिया व बँक ऑफ इंग्लंडचे नाव आहे. ठसे कॉनराट हाइन्‍रिख क्यूखलर या मुद्राकाराने कोरले. पुढे काही वर्षे हे डॉलर निघत राहिले, तरी सर्वांवर १८०४ हेच साल आढळते. चांदी महागल्यामुळे ते वितळविले जाऊ नयेत म्हणून १८११ मध्ये नाण्यात काहीही बदल न करता त्यांचे मूल्य ५ शिलिंग ६ पेन्स करण्यात आले.

आयर्लंडची चलनपद्धती वेगळी होती. इंग्लिश शिलिंगाचे तेथे १३ पेन्स होत. सोहो येथेच १८०४ मध्ये बँक ऑफ आयर्लंडसाठी स्पॅनिश डॉलरवर सहा शिलिंगांची टोकने पाडण्यात आली. त्यांवर ब्रिटानियाऐवजी हायबर्निया ही आयर्लंडची प्रतीकदेवता आहे. त्यानंतर ५, १० व ३० पेन्सांची टोकनेही निघाली.

१८११–१६ ची टोकने : १८११ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने तीन शिलिंग व दीड शिलिंग अशी दोन मूल्यांची टोकने काढली. यांवर पाच शिलिंगांच्या डॉलरप्रमाणे जुन्या नाण्याचा आधार नव्हता. ती शाही टाकसाळीत नव्याने पाडण्यात आली. तीन शिलिंगांच्या टोकनाचे वजन सु. १४·७ ग्रॅ. व दीड शिलिंगाच्या टोकनाचे त्याच्या निम्मे आहे. प्रारंभीच्या टोकनांवर राजाची चिलखतधारी अर्धप्रतिमा व १८१२ पासूनच्या टोकनांवर पर्णमुकुटधारी मस्तक आहे. मागील बाजूस पानांच्या वेढ्यात ‘बँक टोकन’ हे शब्द, मूल्य व साल आढळते. नाण्यावर नाव राजाचे असले, तरी वचन बँकेचे, हा भेद या दोन शब्दांत स्पष्ट होतो. नाणी पाडणे हा राजाचा अधिकार असल्याने बँकेने आपल्या तुकड्याला नाणे म्हटले नाही.

याच काळात व्यापारी व कारखानदार यांनीही स्वतःची टोकने काढली. अँगल्सी बेटावरील पॅरिस खाण कंपनीच्या १७८७ मधील पेनीवर ड्रुइड पुरोहिताचे मस्तक आहे. जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने स्वतःचीच प्रतिमा टोकनावर छापली. या तांब्याच्या टोकनांना त्यांचे प्रारंभीचे सूचिकार जेम्स काँडर यांच्या नावावरून काँडर टोकने म्हणतात. डर्बीशरमधील क्रॉमफर्ड येथील कापडगिरणीने स्पॅनिश डॉलरवर स्वतःचा छाप मारून तो ४ शिलिंग ९ पेन्सांना चालविला. १८११-१२ मध्ये खाजगी चांदीची टोकनेही निघाली. रेडिंग येथील जे. बी. मंक याने १८१२ मध्ये चक्क सोन्याचे ४० शिलिंगांचे टोकन काढले. ते आज अत्यंत दुर्मिळ आहे. शासनाने लवकरच अशा खाजगी टोकनांवर बंदी घातली.

बनावटीचा प्रश्न केवळ आर्थिक राहिला नव्हता. नोटांवरील निर्बंधाच्या काळात म्हणजे १७९७ ते १८२१ या अवधीत बनावट नोटा करणे वा चालविणे या गुन्ह्यांसाठी तीनशेहून अधिक लोकांना फाशी देण्यात आली. त्यांत अशिक्षित व गरीब माणसांचा भरणा मोठा होता. बँकेने डॉलरचा छाप बदलून अखेर बोल्टनच्या यंत्राचा आश्रय घेतला, तो या पार्श्वभूमीवर.

पुनर्मुद्रण व टोकनांची अखेर : १८१६ च्या कायद्याने चांदीच्या नाण्यांचे नवे मान ठरले. एका ट्रॉय पौंड वजनाच्या चांदीतून पूर्वी ६२ शिलिंग पाडीत, ते आता ६६ पाडण्यात येऊ लागले. म्हणजे राजाच्या नाण्यातही दर्शनी मूल्यापेक्षा चांदी हेतुपुरस्सर कमी ठेवण्यात आली आणि चांदीच्या नाण्यांत एका वेळी ४० शिलिंगांपर्यंतच देणे विधिग्राह्य ठरले. फेब्रुवारी १८१७ मध्ये जुनी नाणी बदलून नवी देण्यात आली. बेनेदेत्तो पिस्त्रुची (१७८३–१८५५) याचे सेंट जॉर्ज व ड्रॅगनचे चित्र असलेले सॉव्हरिन त्याच वर्षीचे. १८१७ च्या दुसऱ्या एका कायद्याने बँकेच्या डॉलर व टोकनांचे पुढील चलन थांबविण्यात आले. बँकेने तडजोड म्हणून स्वीकारलेले तत्त्व अशा रीतीने राष्ट्राच्या चलनाचे तत्त्व बनले, परंतु ज्या टोकनांनी ते प्रथम लोकांच्या हातात दिले, ती परत येऊन मोठ्या संख्येने मुशीत गेली. सरकारी नाण्यांच्या इतिहासात या टोकनांना जे स्थान आहे, ते यामुळे.

टोकनांचा संग्रह : बँक-टोकने सरसकट दुर्मिळ नाहीत. १८११ ते १८१५ या सालांची तीन व दीड शिलिंगांची टोकने वापरलेल्या अवस्थेत सहज मिळतात. १८१६ सालचे तीन शिलिंगांचे टोकन मात्र क्वचित आढळते. १८१२ मधील नऊ पेन्सांचे टोकन हे केवळ नमुना म्हणून पाडले गेले, चलनात आले नाही. म्हणून त्याला विशेष महत्त्व आहे. १८०४ च्या डॉलरमध्ये ठशांचे अनेक सूक्ष्म भेद असून अभ्यासक त्यांची स्वतंत्र वर्गवारी करतात. या डॉलरचे खरे आकर्षण मूळ नाण्याच्या अवशेषांत आहे. यंत्राच्या दाबानंतरही स्पॅनिश राजाच्या नावातील अक्षरे, ढालीच्या बाजूचे खांब, मूळ साल किंवा मेक्सिको टाकसाळीचे एम् अक्षर व त्यावरील लहानसा ओ यांच्या पुसट खुणा तिरप्या प्रकाशात दिसतात. अशा एकाच नाण्यावर मेक्सिकोतील खाण, स्पेनचा राजा, लंडनची बँक व बर्मिंगहॅमचे यंत्र यांची साक्ष मिळते. त्यामुळे या खुणा घासून नाहीशा करणे म्हणजे त्या नाण्याचे अर्धे महत्त्व घालविणे होय.

अस्सलपणा व अवस्था : छाप मारलेल्या डॉलरच्या बाबतीत नाणे अस्सल पण छाप नकली असा प्रकार वरचेवर आढळतो, कारण मूळ डॉलर विपुल असून एका छापाने त्याची किंमत कितीतरी पटींनी वाढते. छाप मारताना खालचा धातू दबला जातो व पाठीमागील बाजूस त्या ठिकाणी किंचित सपाटी येते. शिवाय नाणे व छाप यांची झीज परस्परांशी जुळावी लागते. मूळ नाण्याचे साल छापाच्या काळानंतरचे असल्यास छाप अर्थातच नकली ठरतो. तत्कालीन बनावट टोकने बहुधा तांब्यावर चांदीचा पातळ मुलामा दिलेली असून वजनात कमी भरतात. ती चलनाच्या इतिहासाचा पुरावा असल्याने आता तीही संग्राह्य मानली जातात. मात्र ती बनावट म्हणूनच नोंदविली पाहिजेत. सॉव्हरिनच्या बाबतीत केवळ सोन्याचा कस पुरेसा नसतो, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक ठिकाणी खऱ्या सोन्याचीच नकली सॉव्हरिन पाडली गेली. वजन (७·९८ ग्रॅ.), व्यास, कडेवरील दाते व अक्षरांची ठेवण यांची एकत्रित तपासणी करावी लागते.

अवस्थेनुसार नाण्यांचे फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन व अनसर्क्युलेटेड म्हणजे न वापरलेले, असे चढत्या क्रमाने वर्ग करतात. अमेरिकेत १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी १ ते ७० अशी गुणपद्धती मांडली. व्यापारी संस्था नाणे तपासून बंद पेटीत देताना तिचा उपयोग करतात. तथापि पेटीवरील आकडा हा तज्ञाचे मत असतो, नाण्याचा गुणधर्म नव्हे. चांदीवर कालांतराने चढणारी काळसर झाक नाण्याचे संरक्षण करते. रांगोळी, राख वा आम्लद्रव्य यांनी नाणे उजळल्यास त्याच्या पृष्ठभागाचे बारीक तपशील कायमचे नष्ट होतात व ही हानी भरून काढता येत नाही. नाणे नेहमी कडेने धरावे, कोरड्या जागी व प्लास्टिकच्या मऊ पिशवीऐवजी निष्क्रिय वेष्टनात ठेवावे, तसेच ते कोणाकडून व केव्हा मिळाले याची नोंद करावी. मालकीची अशी अखंड साखळी अस्सलपणाचाही उत्तम पुरावा ठरते.

संग्रहालये व संस्था : सर जोसेफ बँक्स यांची भगिनी सारा सोफिया बँक्स (१७४४–१८१८) यांनी आपल्या हयातीत चालू असलेली टोकने ती निघताच जमविली. त्यांचा संग्रह पुढे ब्रिटिश म्यूझीयम व शाही टाकसाळ यांच्याकडे गेला. बाजारात क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तू त्यांनी वेळीच जपल्या, म्हणून त्यांतील अनेक प्रकार आज ज्ञात आहेत. ब्रिटिश म्यूझीयममध्येच मर्सियाचा राजा ऑफा (कार. ७५७–७९६) याचे, हिजरी १५७ च्या अब्बासी दिनाराची नक्कल करून त्यावर आपले नाव घातलेले सोन्याचे नाणे आहे. ऑक्सफर्डचे ॲश्मोलियन, केंब्रिजचे फिट्सविल्यम व ग्लासगोचे हंटेरियन ही इतर प्रमुख संग्रहालये होत. १८३६ मध्ये स्थापन झालेली रॉयल न्युमिस्मॅटिक सोसायटी व १९०३ मधील ब्रिटिश न्युमिस्मॅटिक सोसायटी या संस्था संशोधनपत्रिका प्रसिद्ध करतात.

कायदा : जमिनीत सापडलेल्या नाण्यांबाबत इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे १९९६ चा निधी कायदा लागू असून तो सप्टेंबर १९९७ पासून अंमलात आला. त्यानुसार एकत्र सापडलेली तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन वा अधिक नाणी अधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. संग्रहालयाने ती घेतल्यास शोधणाऱ्यास व जमीनमालकास मोबदला मिळतो. या कायद्याचे महत्त्व २०१५ मधील दोन घटनांवरून दिसते. ऑक्सफर्डशरमधील वॉटलिंग्टन येथे सापडलेले सु. २०० नाण्यांचे निधान रीतसर कळविण्यात आले व २०१७ मध्ये ॲश्मोलियन संग्रहालयाने ते विकत घेतले. वेसेक्सचा आल्फ्रेड व मर्सियाचा दुसरा केओलवुल्फ या दोन राजांनी एकाच प्रकारची नाणी पाडल्याचे त्यावरून स्पष्ट झाले व त्यांच्यातील सहकार्याचा, जवळजवळ विस्मृतीत गेलेला, अध्याय उजेडात आला. त्याच वर्षी हेरफर्डशरमधील लेमिन्स्टरजवळ सापडलेले तशाच नाण्यांचे मोठे निधान मात्र शोधणाऱ्यांनी दडवून परस्पर विकले. २०१९ मध्ये त्यांना शिक्षा झाली, परंतु सु. ३०० नाण्यांपैकी थोडीच हाती आली. नाणी पुढे मिळतीलही; ती कोणत्या क्रमाने व कशासोबत पुरली होती, ही माहिती मात्र परत मिळत नाही.

भारताशी संबंध : ब्रिटिश नाण्यांच्या संग्रहात पूर्वेकडील व्यापाराच्या खुणा ठिकठिकाणी आढळतात. पहिल्या एलिझाबेथच्या कारकीर्दीत १६००-०१ मध्ये नव्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या सफरीसाठी स्पॅनिश रेआलांच्या वजनाची ‘पोर्टकलिस’ नाणी पाडण्यात आली. मात्र पूर्वेकडील व्यापारी स्पॅनिश नाणेच ओळखत असल्याने ती चालली नाहीत व आज दुर्मिळ आहेत. दुसऱ्या जॉर्जच्या १७२९ च्या काही गिन्यांवर मुखवट्याखाली ‘ई. आय्. सी.’ ही अक्षरे आहेत. ते सोने कंपनीने पुरविले होते. बँकेचे डॉलर पाडणाऱ्या सोहो टाकसाळीनेच मुंबई इलाख्यासाठी १७९१ व १७९४ या सालांची तांब्याची नाणी पाडली. त्यांवर कंपनीचे व्यापारचिन्ह व तराजू आहे. १९१८ मध्ये मुंबईत शाही टाकसाळीची शाखा उघडण्यात येऊन तेथे सु. तेरा लाख सॉव्हरिन पाडण्यात आली. सालाजवळील ‘आय्’ हे लहान अक्षर ही त्यांची खूण. मुंबईत सॉव्हरिन त्या एकाच वर्षी पाडली गेली.

महाराष्ट्रात सॉव्हरिनला बोलीभाषेत गिनी म्हणतात व दागिन्यांतील २२ कॅरट सोन्यासही तेच नाव पडले आहे. अनेक घरांत अशी नाणी कडी डाकून दागिन्यात ओवलेली आढळतात. कडी डाकल्याने सोन्याचे मूल्य तेच राहते, पण संग्राह्य मूल्य बरेच घटते. भारतीय पुरावस्तू व कलासंपत्ती अधिनियम, १९७२ यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरत असून ते खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून असे नाणे आटविण्यापूर्वी वा विकण्यापूर्वी त्यावरील साल व टाकसाळीचे अक्षर भिंगाखाली वाचून घेणे हिताचे असते. एकदा मुशीत गेलेल्या नाण्याचे सोने उरते, पुरावा उरत नाही.